फळी, चाके आणि मनाई : स्केटबोर्डच्या उपसंस्कृतीचा उनाड इतिहास

प्रास्ताविक

राजे, तह, लढाया आणि महसूलपद्धती यांना इतिहासलेखनात जे स्थान मिळाले, ते उनाडपणाला कधीच मिळाले नाही. याची कारणे दोन आहेत. एक म्हणजे उनाड मुले दप्तर ठेवीत नाहीत. दुसरे असे की, त्यांच्याविषयीचे जे दप्तर उपलब्ध असते ते बहुधा तक्रारदारांनी लिहिलेले असते. त्यामुळे युवकांच्या उपसंस्कृतींचा इतिहास शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाला नगरपालिकांचे मनाई हुकूम, विमा कंपन्यांच्या अटी आणि संतप्त नागरिकांची निवेदने यांतूनच वाट काढावी लागते. अशा साधनांतून आरोपीचे चरित्र सापडते, पण ते फिर्यादीच्या हस्ताक्षरात.

स्केटबोर्ड ही वस्तू या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पाऊण मीटरहून थोडी अधिक लांब अशी एक लाकडी फळी, तिच्याखाली धातूचे दोन आस आणि चार चाके, एवढाच तिचा पसारा. तिला ब्रेक नाही, हँडल नाही, घंटीही नाही. अशा या साधनाला १९६० च्या दशकात अमेरिकेतील अनेक शहरांनी रस्त्यावर बंदी घातली, १९७८ मध्ये नॉर्वेने ते देशभर निषिद्ध ठरविले आणि २०२१ मध्ये टोकियो येथे त्याच साधनावर कसरत करणाऱ्या मुलांच्या गळ्यात ऑलिम्पिक पदके घालण्यात आली. साठ वर्षांच्या आत उपद्रवाचे रूपांतर राष्ट्रगौरवात झाले. फळी तीच राहिली. तिच्याकडे पाहणाऱ्यांची नजर बदलली. ती कशी व का बदलली आणि या बदलात कोणी काय गमावले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. समुद्राला लाट नसलेला दिवस

स्केटबोर्डचा निश्चित जनक सांगता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कॅलिफोर्नियाच्या किनारी भागातील मुले रोलर स्केटची चाके उचकटून ती फळ्यांना ठोकीत असत. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन सरकण्याचा छंद असलेल्या तरुणांना या युक्तीचा विशेष उपयोग होता. ज्या दिवशी समुद्र सपाट असे, त्या दिवशी ते डांबरी उतारालाच लाट मानीत. ‘पदपथावरील सर्फिंग’ हे या खेळाचे पहिले नाव त्यातूनच रूढ झाले. थोडक्यात, या क्रीडाप्रकाराचा उगम ध्येयवादात नसून कंटाळ्यात आहे. क्रीडाविषयक अधिकृत इतिहास ही बाब सहसा नोंदवीत नाहीत.

१९६३ मध्ये लॅरी स्टीव्हन्सन यांच्या ‘मकाहा’ या कंपनीने व्यावसायिक दर्जाचे स्केटबोर्ड बाजारात आणले आणि त्याच वर्षी हर्मोसा बीच येथे स्पर्धाही भरविण्यात आली. १९६५ मध्ये अनाहाइम येथील राष्ट्रीय स्पर्धा दूरचित्रवाणीवर दाखविली गेली. ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या १४ मे १९६५ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर पॅटी मॅगी ही तरुणी धावत्या स्केटबोर्डवर हातांवर उभी असल्याचे छायाचित्र झळकले. त्याच मुखपृष्ठाने या प्रकाराला वेड आणि संकट अशी दोन्ही विशेषणे बहाल केली. आरती आणि आरोप एकाच पृष्ठावर करण्याची वृत्तपत्रसृष्टीची हातोटी यातून दिसून येते. याच सुमारास निघालेल्या ‘स्केटरडेटर’ या लघुपटाला १९६६ मध्ये कान महोत्सवात लघुपटांसाठीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

पुरस्कार मिळत असतानाच हाडे मोडत होती. त्या काळातील चाके भाजलेल्या मातीसारख्या कठीण मिश्रणाची होती. रस्त्यावरचा बारीकसा खडाही चाक जागीच थांबवीत असे. चालक मात्र भौतिकशास्त्राच्या नियमानुसार पुढे जात राही. डॉक्टर, पोलीस आणि पालक यांचे एकमत होण्याचे प्रसंग इतिहासात विरळा. तो या निमित्ताने घडून आला. अनेक शहरांनी बंदी घातली, दुकानदारांनी मागण्या रद्द केल्या आणि १९६५ अखेर हा व्यवसाय जवळजवळ बसला. स्टॅन्ली कोहेन यांनी १९७२ च्या ‘फोक डेव्हिल्स अँड मॉरल पॅनिक्स’ या ग्रंथात नैतिक घबराटीची संकल्पना मांडली ती ब्रिटनमधील ‘मॉड’ व ‘रॉकर’ या युवकगटांच्या संदर्भात. समाज आपल्या अस्वस्थतेसाठी एखादा तरुण गट निवडतो व त्याला राक्षसाचे रूप देतो, हे त्यांचे प्रतिपादन चार चाकांच्या फळीलाही बऱ्याच अंशी लागू पडते. फरक एवढाच, की इथे राक्षसाच्या गुडघ्याला खरोखरच पट्टी बांधलेली होती.

२. कोरडे हौद आणि ओले कायदे

या खेळाचे पुनरुज्जीवन एका चाकामुळे झाले. फ्रँक नॅसवर्दी या तरुणाला व्हर्जिनियातील एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात रोलर स्केटसाठी बनविलेली पॉलियुरेथेनची चाके आढळली. नवशिक्यांना घसरू न देणारी ही मऊ, पकड घेणारी चाके त्याने स्केटबोर्डला लावली आणि १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ‘कॅडिलॅक’ या नावाने ती विक्रीस आणली. आता खडा आला तरी चाक त्यावरून जाऊ लागले. क्रांतीची कारणमीमांसा करताना विचारप्रणालींचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांनी अधूनमधून चाकाच्या रसायनाकडेही पाहावे, असा याचा बोध आहे.

१९७५ मध्ये डेल मार येथील स्पर्धेत सांता मोनिका परिसरातील ‘झेफिर’ या दुकानाचा संघ उतरला. किनाऱ्यावरील एका मोडकळीस आलेल्या मनोरंजन उद्यानाच्या अवशेषांभोवती वाढलेली ही मुले होती. त्यांच्या वस्तीला ‘डॉगटाउन’ म्हणत. टोनी अल्वा, जे अ‍ॅडम्स, स्टेसी पेराल्टा आणि संघातील एकमेव मुलगी पेगी ओकी यांनी ताठ उभे राहून गिरक्या घेण्याची प्रचलित रीत मोडली. गुडघे वाकवून, जमिनीलगत झुकून, हात डांबराला टेकवीत ते सरकू लागले. परीक्षकांना यास गुण कसे द्यावेत हे कळेना. ज्या उत्तरपत्रिकेत अभ्यासक्रमाबाहेरचे बरोबर उत्तर आढळते, तिच्यापुढे परीक्षकाची जी अवस्था होते ती प्राध्यापकवर्गास वेगळी सांगण्याची आवश्यकता नाही.

याच सुमारास निसर्गानेही साहाय्य केले. १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात तीव्र दुष्काळ पडला आणि घरोघरचे पोहण्याचे हौद कोरडे ठेवावे लागले. या हौदांचा गोलाकार, मूत्रपिंडासारखा आकार ही आधुनिक उद्यानरचनेची देणगी होती. थॉमस चर्च यांनी १९४८ मध्ये सोनोमा येथील डॉनेल उद्यानासाठी केलेला हौद हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. संपन्न मध्यमवर्गाने सौंदर्यदृष्टीने बांधलेल्या या वळणदार भिंतींत डॉगटाउनच्या मुलांना गोठलेली लाट दिसली. मालक घरी नाही असे पाहून कुंपण ओलांडणे, तळाशी उरलेले पाणी उपसणे आणि पोलिसांची गाडी येईपर्यंत भिंतीवर चढउतार करणे हा त्यांचा दिनक्रम झाला. दुष्काळनिवारणाच्या इतिहासात खासगी हौद स्वच्छ करण्याचे श्रमदान इतक्या उत्साहाने अन्यत्र झाल्याचे दिसत नाही. कायद्याच्या भाषेत मात्र या श्रमदानास अनधिकृत प्रवेश म्हणतात.

मागणी पाहून व्यापारी पुढे सरसावले. १९७६ पासून अमेरिकेत तिकीट लावून चालविल्या जाणाऱ्या काँक्रीटच्या स्केटबोर्ड उद्यानांची लाट आली. परंतु विम्याचे हप्ते वाढले, गर्दी ओसरली आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी यांतील बहुतेक उद्याने जमीनदोस्त झाली. जो खेळ पोलिसांना थांबविता आला नाही, तो विमा कंपन्यांनी काही काळ थांबवून दाखविला.

३. नॉर्वेचा निर्बंध

बंदीच्या इतिहासात नॉर्वेचे उदाहरण शिरोभागी ठेवण्याजोगे आहे. अपघातांची धास्ती घेऊन या देशाने १९७८ मध्ये स्केटबोर्डचा वापर, विक्री आणि जाहिरात या तिन्हींवर बंदी आणली; ती १९८९ पर्यंत टिकली. एरवी उदारमतवादासाठी नावाजलेल्या शासनाने एका फळीविरुद्ध अकरा वर्षे कारवाई चालू ठेवली. परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. फळ्या परदेशातून चोरून येऊ लागल्या आणि मुलांनी लोकवस्तीपासून दूर जंगलात लाकडी उतार उभारले. छंद म्हणून जे दोन वर्षांत विरून गेले असते त्याला शासनाने दंतकथेचे आयुष्य मिळवून दिले. मनाई हे प्रसाराचे प्रभावी माध्यम आहे, हा सिद्धान्त वसतिगृहांच्या अधीक्षकांना अनुभवाने ठाऊक असतो; नॉर्वेने तो राष्ट्रीय पातळीवर सिद्ध केला.

४. कट्ट्याचे राजकारण

उद्याने बंद झाल्यावर मुले रस्त्यावर परतली. ही परत येण्याची क्रिया एका नव्या कौशल्यामुळे शक्य झाली. फ्लोरिडातील अ‍ॅलन गेल्फँड याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस उतारावर हातांचा आधार न घेता फळीसह हवेत उडण्याची युक्ती शोधली. त्याच्या ‘ऑली’ या टोपणनावानेच ती ओळखली जाते. पुढे रॉडनी मलेन याने ती सपाट जमिनीवर साधली. मलेनच्या वडिलांनी फळी घेऊन देताना, गंभीर दुखापत झाली की खेळ बंद, अशी अट घातली होती. या खेळाच्या मूलभूत व्याकरणाचा बराच भाग घडविणारा मुलगा पित्याच्या धाकात सावधपणे सराव करीत होता, ही गोष्ट बंडखोरीच्या रूढ चित्राशी विसंगत असली तरी खरी आहे.

ऑलीमुळे शहराचा अर्थ बदलला. पायऱ्या, कठडे, बाके, पाण्याचे नळखांब, कारंज्याभोवतीचे काठ ही सगळी खेळाची उपकरणे ठरली. मराठी वाचकास याचे मर्म ‘कट्टा’ या शब्दावरून सहज कळेल. कट्टा बांधणारा तो सीमा म्हणून बांधतो. तरुण मंडळी त्याला संस्था बनवितात. स्केटबोर्डवाल्या मुलांनी कट्ट्यावर बसण्याऐवजी त्यावरून घसरण्याचा मार्ग पत्करला आणि घसरणे सुकर व्हावे म्हणून त्यावर मेण घासले. वास्तुरचनेचे अभ्यासक आयन बॉर्डन यांनी २००१ च्या ‘स्केटबोर्डिंग, स्पेस अँड द सिटी’ या ग्रंथात या व्यवहाराकडे शहराच्या पर्यायी वाचनाची पद्धती म्हणून पाहिले. शहराने ज्या जागा पाहण्यासाठी, खरेदीसाठी वा ओलांडून जाण्यासाठी राखलेल्या असतात, त्या काहीही विकत न घेता वापरणे हा यातील खरा अपराध होता.

शहरांनी याचे उत्तर धातूत दिले. कट्ट्यांच्या व कठड्यांच्या कडांवर ठराविक अंतराने लोखंडी गुठळ्या बसविण्यात येऊ लागल्या. त्यामुळे फळी अडते; बसणाऱ्या वृद्धाची आणि आडव्या होणाऱ्या बेघराचीही अडचण होते. तरुणांविरुद्ध उगारलेले शस्त्र सर्वप्रथम त्यांनाच लागते असे नाही, हा या प्रकरणातील गंभीर भाग होय.

फिलाडेल्फियातील ‘लव्ह पार्क’ या चौकाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. १९६५ मध्ये साकारलेल्या या चौकाची कल्पना नगररचनाकार एडमंड बेकन यांनी आपल्या विद्यार्थिदशेतील प्रबंधात मांडली होती. तेथील ‘प्रेम’ या अक्षरशिल्पामुळे चौकास हे नाव पडले. त्याच्या गुळगुळीत दगडी काठांमुळे तो जगभरातील स्केटबोर्ड खेळणाऱ्यांचे तीर्थक्षेत्र बनला. शहराने २००१ व २००२ मध्ये ‘एक्स गेम्स’ या साहसी खेळांच्या स्पर्धांचे यजमानपद मिरविले आणि २००२ मध्येच या मुलांना दूर ठेवण्यासाठी चौकाची फेररचना करून बंदीची अंमलबजावणी कडक केली. तिकीट लावलेल्या रिंगणात जो गौरवास्पद खेळाडू, तो रस्ता ओलांडून चौकात येताच उपद्रवी ठरला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ९२ वर्षांचे बेकन स्वतः त्या चौकात आले आणि इतरांच्या आधाराने स्केटबोर्डवर उभे राहून त्यांनी बंदीचा जाहीर भंग केला. आपण बांधलेल्या जागेचा आपल्याला न सुचलेला उपयोग तरुणांनी शोधला, याचा त्यांना राग नव्हे तर अभिमान वाटत होता. २००४ मध्ये पादत्राणे बनविणाऱ्या एका कंपनीने चौक खुला करण्यासाठी दहा लाख डॉलर देऊ केले. शहराने ते नाकारले. २०१६ मध्ये चौक नव्या रचनेसाठी पाडण्याची वेळ आली, तेव्हा महापौरांनी अखेरच्या काही दिवसांसाठी बंदी उठविली. मरणासन्न माणसास पथ्य माफ करावे, त्यातलाच हा प्रकार.

लंडनमधील साउथबँक येथे निकाल निराळा लागला. १९६७ मध्ये खुल्या झालेल्या क्वीन एलिझाबेथ हॉलच्या तळघरातील, विशेष उपयोग न ठरविलेली उतारांची जागा १९७० च्या दशकापासून या मुलांनी व्यापली होती. २०१३ मध्ये तेथे दुकाने व उपाहारगृहे आणण्याची योजना पुढे आली. तिच्याविरुद्ध दीर्घ मोहीम झाली आणि सप्टेंबर २०१४ च्या समझोत्याने ती जागा खेळासाठी राखली गेली. विशेष म्हणजे या मोहिमेचा मुख्य युक्तिवाद वारसाजतनाचा होता. काल ज्यांच्यामुळे वारशास धोका असल्याचे सांगितले जाई, तेच आज स्वतः वारसा ठरले.

५. बंडाची बाजारपेठ

युवकांच्या उपसंस्कृतीतील निषेधाची चिन्हे बाजारपेठ हळूहळू वस्तूंत रूपांतरित करते, हे डिक हेब्डिज यांनी १९७९ च्या ‘सबकल्चर : द मीनिंग ऑफ स्टाइल’ या ग्रंथात दाखवून दिले. स्केटबोर्डच्या बाबतीत ही प्रक्रिया यथासांग पार पडली. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ‘थ्रॅशर’ हे मासिक सुरू झाले. पुढील काळात त्याच्या नावाचा सदरा अशाही तरुणांनी आवडीने घातला, ज्यांचा पाय फळीला कधी लागला नव्हता. फाटलेले बूट ही पूर्वी सरावाची खूण होती. पुढे बूट विकणे हाच मुख्य धंदा झाला.

१९९५ मध्ये ‘एक्स गेम्स’ सुरू झाले. १९९९ च्या स्पर्धेत टोनी हॉक याने हवेत अडीच गिरक्या घेण्याची कसरत अनेक अयशस्वी प्रयत्नांनंतर साधली. ती साधली तेव्हा स्पर्धेची नियोजित वेळ संपून गेली होती, तरीही कोणी हरकत घेतली नाही. परीक्षेची घंटा झाल्यावर लिहिलेले उत्तर ग्राह्य धरण्याचा हा दुर्मीळ प्रसंग होय. त्याच वर्षी त्याच्या नावाचा व्हिडिओ गेम आला आणि जगभरातील मुले गुडघे न फोडता, बैठकीच्या खोलीत बसून या कलेत प्रवीण झाली.

२०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने टोकियो स्पर्धेत स्केटबोर्डचा समावेश केला. खेळाडूंमधील एका गटाने त्यास विरोध केला. गणवेश, गुणपत्रक आणि राष्ट्रध्वज यांचा आपल्याशी काय संबंध, असा त्यांचा प्रश्न होता. दुखण्यावर मीठ असे की, या खेळाचा ऑलिम्पिक कारभार ज्या जागतिक संघटनेकडे गेला तिची मुळे रोलर स्केटिंगमध्ये होती. ज्या रोलर स्केटची चाके उचकटून या खेळाचा जन्म झाला होता, त्यांनी सात दशकांनी आपल्या चाकांचा ताबा परत घेतला, असे म्हणण्यास हरकत नाही.

कोरोनामुळे लांबलेली टोकियो स्पर्धा २०२१ मध्ये झाली. पुरुषांच्या स्ट्रीट प्रकारात जपानच्या युतो होरिगोमे याने सुवर्णपदक मिळविले. महिलांच्या स्ट्रीट प्रकारात जपानची मोमिजी निशिया व ब्राझीलची रायसा लेआल या दोघी पहिल्या दोन स्थानांवर आल्या. दोघीही १३ वर्षांच्या होत्या. तिसरी आलेली फुना नाकायामा १६ वर्षांची होती. १९६५ च्या मुखपृष्ठावर एक तरुणी होती. त्यानंतरच्या दशकांत या खेळाच्या छायाचित्रांत मुली फारशा दिसत नाहीत. बंडखोरांनी सारे नियम मोडले, पण रस्ता मुलग्यांचा असतो हा नियम त्यांना बराच काळ मोडावासा वाटला नाही. ‘एक्स गेम्स’मध्येही महिलांची स्पर्धा २००३ मध्ये आली. ऑलिम्पिकच्या चौकटीने या खेळातील स्वैरपणा कमी केला असेल. त्याच चौकटीने मुलींना निम्मी जागा हक्काने दिली, हेही नमूद केले पाहिजे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये या स्पर्धा प्लास द ला काँकॉर्द येथे झाल्या. १७९३ मध्ये याच चौकात सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला होता. चीनची झेंग हाओहाओ ११ व्या वर्षी, तर ब्रिटनचा अँडी मॅकडोनाल्ड ५१ व्या वर्षी येथे उतरला. युवकांची उपसंस्कृती असे जिचे वर्णन केले जाते, तिच्यात आजोबा शोभेल असा स्पर्धक उभा असणे ही व्याख्येची पंचाईत खरी. पण तरुण गट वयस्क होतो आणि व्याख्या मागे राहते, हा इतिहासाचा नित्यक्रमच आहे.

६. भारतीय पडसाद

भारतात ही फळी उशिरा आली आणि कॅलिफोर्नियातील अर्थ बाजूला ठेवून आली. २०१५ मध्ये मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार या खेड्यात जर्मनीच्या उलरिके राइनहार्ड यांच्या पुढाकाराने स्केटबोर्डचे मैदान उभे राहिले. शाळा बुडविली तर फळी नाही आणि मुलींना प्राधान्य, असे तेथील नियम होते. जो खेळ अन्यत्र शाळा बुडविण्याचे साधन होता, तो येथे शाळेत आणण्याचे साधन झाला. मंजरी माकिजानी यांच्या २०२१ मधील ‘स्केटर गर्ल’ या चित्रपटासाठी राजस्थानातील खेमपूर येथे बांधलेले मैदान चित्रीकरणानंतरही गावातील मुलांसाठी ठेवण्यात आले. २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या ३६ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगचा समावेश होता. त्यात महिला गटात पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने महाराष्ट्रासाठी सुवर्णपदक मिळविले. येथे प्रश्न चौकातून हाकलले जाण्याचा नव्हता; मुलीने सर्वांसमक्ष उघड्यावर धावावे, पडावे आणि पुन्हा उठावे, यालाच अनेक ठिकाणी अनुमती नव्हती. त्या अर्थाने भारतीय मुलींच्या पायाखालची फळी डॉगटाउनपेक्षा अधिक बंडखोर ठरते.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, समाज युवकांच्या नव्या छंदाकडे प्रथम कुतूहलाने, नंतर भयाने, पुढे नफ्याच्या दृष्टीने आणि अखेर अभिमानाने पाहतो. या चारही अवस्थांत छंद करणाऱ्यांचे मत क्वचितच विचारले जाते. दुसरा असा की, मनाईने खेळ संपत नाही, त्याचे स्थलांतर होते. तिसरा व महत्त्वाचा निष्कर्ष सार्वजनिक जागेविषयीचा आहे. गौरव करताना शहराने खेळाला कुंपण घातलेले मैदान दिले आणि त्या बदल्यात चौक, पायरी व कट्टा काढून घेतला. पदक मिळाले, पण विनाकारण एकत्र जमण्याची जागा आक्रसली. ही देवघेव स्केटबोर्डपुरती मर्यादित नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आवारात क्रिकेटला मनाई करणारे फलक आणि महाविद्यालयांच्या आवारात कट्ट्यावर बसण्यास बंदी करणारी परिपत्रके याच इतिहासाची स्थानिक साधने आहेत.

भावी संशोधकांच्या सोयीसाठी अशी परिपत्रके जपून ठेवावीत. त्यांवर सही करणाऱ्यांनी मात्र एडमंड बेकन यांचे उदाहरण ध्यानात ठेवणे इष्ट. आपण बांधलेल्या कट्ट्याचा तरुणांनी काय उपयोग केला हे पाहण्यासाठी ते वयाच्या ९२ व्या वर्षी घराबाहेर पडले होते, आणि पडण्याचा धोका पत्करून फळीवर उभे राहिले होते.